उजवा कौल

शारदाबाईंनी दोन्ही तळहात देवळातल्या चिंतामणीच्या दगडावर ठेवून डोळे मिटले, तेव्हा त्यांच्या मनात माळाचाच प्रश्न होता. पुढं कितीतरी दिवस त्या स्वतःला हेच समजावत राहिल्या. घरून अनवाणी निघताना तोच होता, कल्लोळ तीर्थाचं पाणी डोळ्यांना लावताना तोच होता, देवीआईपुढं पदर पसरतानाही तोच होता. ओट्याचा माळ द्यावा, का देऊ नये? एवढंच विचारायचं होतं. घरानं त्यांना तेवढ्यासाठीच धाडलं होतं.

आदल्या संध्याकाळी थोरल्या दिरांनी, वसंतरावांनीच तो तोडगा काढला होता. चार दिवस घरात एकच विषय चालला होता, आणि त्यांचा मुकुल बापाशी इतक्या चढ्या आवाजात बोलायला लागला होता की वरच्या खोल्यांत उतरलेले लातूरकडचे यात्रेकरू जिन्यात येऊन उभे राहिले. तेव्हा वसंतराव उठले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "झालं तेवढं बास. उद्या मंगळवार. शारदाबाईंचा उपास असतोय. त्या कौल घेतील. उजवा आला तर मी माळ द्यायच्या कागदावर सही करतो, डावा आला तर यांच्या उत्कर्षनं कागद गुंडाळून न्यायचा. मंजूर?"

मंजूर सगळ्यांनाच होतं. कारण धाकटी जाऊ म्हणून या घरात आल्यापासून शारदाबाईंच्या तोंडून कुणी खोटं ऐकलं नव्हतं. यजमान शिवप्रसाद गेले त्या आठवड्यातही त्यांचा मंगळवार चुकला नव्हता.

चिंतामणीचा दगड गोल, हातांनी गुळगुळीत झालेला. मनात एक गोष्ट धरायची आणि हात ठेवायचे. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं तर नाही, जागीच राहिला तर थांब. धरायची मात्र एकच गोष्ट.

थंडी मार्गशीर्षाची. दगड गार होता. आणि त्या गारव्यानं की काय, शारदाबाईंना पहाटेचा उत्कर्ष आठवला. निघताना त्यांनी दार लोटून पाहिलं होतं. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण पाय लहानपणीसारखाच पांघरुणाबाहेर. त्यांनी तो आत घेतला, तेव्हा झोपेतच तो काहीतरी पुटपुटला. कानडी होतं की इंग्रजी, त्यांना कळलं नाही. आपलं लेकरू झोपेत कुठल्या भाषेत बोलतंय हे आपल्याला कळू नये! त्या पाठोपाठ नात आठवली, शिवांजली. परवा सून अक्षरानं फोन लावून दिला, तेव्हा ती "अज्जी" म्हणाली होती. तिकडं बंगळूरला आजीला अज्जी म्हणतात.

आणि मग जे व्हायला नको ते झालं. माळ कुठल्या कुठं गेला आणि जीव तळापासून बोलला, "आई, माझा लेक घरी येईल का गं?"

दगड हलला. उजवीकडं फिरला, आढेवेढे न घेता, जात्याची पाळी फिरावी तसा.

शारदाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. मागून कुणीतरी "मावशी, व्हा की पुढं" म्हणालं, तेव्हा त्या बाजूला झाल्या, आणि खांबाला टेकल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. आपण विचारलं काय, आणि विचारायचं होतं काय!

पुन्हा रांगेत उभं राहता आलं असतं. पण एका दिवशी आईला दोनदा विचारायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. वाटेत त्या दोनदा थांबल्या. एकदा वाटलं, घरी जाऊन सरळ सांगावं. मग वाटलं, काय चुकलं? तो येणार म्हणजे माळ द्यायचाच की. त्यानंच सांगितलं नव्हतं का, "आई, माळावर या कंपन्या उभ्या राहिल्या की मी इकडंच. तुझ्या हातची भाकरी खाऊन ऑफिसला जायचं." त्या एका वाक्यावर त्यांनी आपली सही पहिल्याच दिवशी करून दिली होती. तर मग दोन्ही प्रश्न एकच झाले ना?

एकच झाले, असं म्हणत त्या घराशी आल्या.

सोप्यात सगळे बसलेच होते. वसंतराव भिंतीला टेकून, समोर सतरंजीवर उत्कर्षचा तो मोठा रंगीत नकाशा, चार कोपऱ्यांवर चार पेले. दाराशी मुकुल, हातात गाडीची किल्ली फिरवत. नीरजा धाराशिवहून पहिल्या एसटीनं आली होती. तिनं शाळेत रजा टाकली होती. वसंतरावांची ही थोरली, मुकुलची बहीण, बोलायला तिखट.

"काकू, कोणता?" मुकुलला दम नव्हता.

"पाणी तरी पिऊ दे रे त्यांना," नीरजा म्हणाली.

"उपास आहे त्यांचा. कोणता, काकू?"

शारदाबाईंनी एकदा लेकाकडं पाहिलं. "उजवा," त्या म्हणाल्या.

शब्द खरा होता. पण तो तोंडातून बाहेर पडला आणि त्यांना वाटलं, आपण चोरी केली.

"जमलं!" मुकुलनं किल्ली वर उडवून झेलली. उत्कर्ष हसला, पण त्याचे खांदे सैल पडले ते शारदाबाईंनीच पाहिलं. वसंतरावांनी मात्र कानाच्या पाळ्यांना हात लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "आईची मर्जी. पेन आणा."

"आण्णा!" नीरजा ताडकन म्हणाली. "चार दिवस तुम्ही नाही म्हणत होतात. आणि आता एका शब्दावर?"

"त्या शब्दापुढं आपला शब्द कुठला आलाय, बाई?"

"निदान नकाशा तरी नीट बघा. उत्कर्ष, दाखव त्यांना. ओटा कुठाय यात?"

उत्कर्ष गुडघ्यांवर पुढं सरकला. नकाशावर काचेच्या इमारती होत्या, एकासारखी दुसरी, मधून हिरवळ, हिरवळीवर गोरीगोमटी माणसं लॅपटॉप घेऊन बसलेली. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मराठवाड्याचं बंगळूर'. रस्त्यालगतच्या चाळीस घरांनी संमती दिली होती, आणि बरोबर मधोमध, सोन्यात भोक पडावं तसा, यांचा अकरा एकरांचा माळ पांढरा राहिला होता.

"ओटा साधारण इथं येतो," त्यानं बोट ठेवलं. "इथं फूड कोर्ट आहे."

"म्हणजे खायला मिळंल तर," वसंतराव म्हणाले. "बरं झालं. इरम्मा येईल आश्विनात, तिला सांगतो."

कुणी हसलं नाही. इरम्मा आळंदकडची. कोजागिरीच्या आधी कर्नाटकातनं पायी येणाऱ्या शेकडो माणसांत ती दरवर्षी असायची. आधी सासूबरोबर यायची, आता सुनेला घेऊन यायची. गावात शिरायच्या आधीचा मुक्काम ओट्यावर. या घरानं त्यांच्या पायांना ऊन पाणी द्यायचं आणि झुणका-भाकरी करायची, एवढं एक काम पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. बायका कानडीतनं आशीर्वाद द्यायच्या, शारदाबाई मराठीतनं घ्यायच्या, अडत काही नव्हतं.

"आण्णा, टोमणा नका मारू," उत्कर्ष म्हणाला. "यात्रेकरूंसाठी वेगळी सोय करू की. मी काय देऊळ हलवतोय का? गावाला चार कामं मिळावीत म्हणतोय. वर्षाचे तीनशे दिवस इथं पोरं हार आणि बांगड्या विकत बसतात."

"दुसरं बंगळूर कशाला पाहिजे रे?" वसंतरावांनी शांतपणे विचारलं. "पहिलं आहे की. बुडालं का ते?"

"तसं नाही..."

"आणि बंगळूर बंगळूर कसं झालं, ते तरी विचारा त्याला," नीरजा मधे पडली. "आधी तिथं शिकवणाऱ्या संस्था आल्या, कारखाने आले, त्याला पन्नास-साठ वर्षं गेली. मग काचा आल्या. तुम्ही आधी काचाच आणताय. माझ्या शाळेत विज्ञानाचा मास्तर दोन वर्षं झाली नाही. तिथपासून सुरू करा ना!"

"ताई, तुझ्या शाळेतली पोरं दहावी झाली की कुठं जातात?" मुकुल दारातून आत आला. "पुण्याला. परत आलेलं एक दाखव. ओळख जपा, ओळख जपा! ओळख दाखवायला इथं उरलंय कोण? म्हातारे, पुजारी आणि लॉजवाले."

"त्या लॉजवाल्यांत तू पहिला. काय नाव ठेवलंस रे नवीन? टेक व्ह्यू?"

"बोर्ड अजून खडूनंच लिहिलाय."

"परवा एक म्हातारा मला विचारत होता," वसंतराव म्हणाले, "पुजारीबाबा, इथं काय टेकायचं म्हनतेत? माथा का पाठ?"

या वेळी नीरजा फसकन हसली, मुकुललाही हसू आवरेना, आणि क्षणभर चारी माणसं पूर्वीची झाली. शारदाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या देवघराच्या उंबऱ्याशी बसल्या होत्या आणि पदराचा काठ बोटाला गुंडाळत होत्या. नीरजाच्या नजरेतून ते सुटलं नाही. ती उठून त्यांच्याशेजारी येऊन बसली.

"काकू, काय होतंय? आनंद झाला नाही तुम्हाला? तुमचा उत्कर्ष येणार की आता."

"झाला ना."

"मग? तुम्हाला माळ द्यायचा नाहीये का? तसं असेल तर मी भांडते तुमच्यासाठी. द्यायचा असेल तर गप्प बसते, शप्पथ. पण काय ते तुम्ही सांगा. चार दिवसांत तुम्हाला कुणी विचारलंच नाही."

शारदाबाईंनी तोंड उघडलं. पण तेवढ्यात उत्कर्षनं पेन वसंतरावांच्या हातात दिलं, आणि कागद पाटावर ठेवून पाट त्यांच्यापुढं सरकवला.

वसंतरावांनी पेनाचं टोपण काढलं, बाजूला ठेवलं. मग हात जोडून देवघराकडं वळले.

"शारदाबाई, आईला कुठल्या शब्दांत विचारलंत?"

त्या दचकल्या. "अं?"

"रीत आहे आपली. ज्या शब्दांत कौल घेतला, ते शब्द म्हणून मगच हात चालवायचा. आमच्या वडलांनी विहिरीचा पहिला टिकाव मारताना तसंच म्हटलं होतं. सांगा, मी म्हणतो आणि सही करतो."

ही रीत शारदाबाईंना ठाऊक नव्हती असं नाही. त्या विसरल्या होत्या. पस्तीस-चाळीस वर्षांत घरानं इतकं मोठं काही विचारलंच नव्हतं.

जिन्यावरून कुठल्यातरी यात्रेकरणीच्या बांगड्या वाजत वर गेल्या. सांगायचं तरी किती सोपं होतं: आई, ओट्याचा माळ द्यावा का? पाच शब्द. म्हटले असते तर या घरात कुणी मान वर करून पाहिलं नसतं, आणि उत्कर्ष पुढच्या दिवाळीला याच सोप्यात निजला असता.

"भावजी," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की वसंतराव पुढं वाकले. "मी माळाचं विचारलंच नाही हो."

"काय म्हणताय?"

"तेच विचारायला गेले होते. देवीशपथ. पण हात ठेवल्यावर तोंडात दुसरंच आलं. मी विचारलं, माझा लेक घरी येईल का. त्यावर उजवा आला. मी ते सांगायला पाहिजे होतं. सांगितलं नाही. माझ्या हातनं पाप झालं." त्यांनी कपाळ उंबऱ्याला टेकलं.

"काकू, अहो उठा," नीरजानं त्यांना धरलं.

मुकुल मधेच बोलला. "त्यात एवढं काय? एकच की ते. हे उभं राहिल्याशिवाय तो येणार कसा? आण्णा, कौल कौल आहे. करा सही."

"कौल माळाचा नाहीये, मुकुल," नीरजा म्हणाली.

"तू वकील आहेस का?"

"गप बसा दोघं!" वसंतराव ओरडले नाहीत, पण दोघं गप झाले. त्यांच्या पांढऱ्या मिशांखाली ओठ हलत होते. मग त्यांनी भावजयीकडं पाहिलं, आणि शारदाबाईंना वाटलं होतं तो राग त्या नजरेत नव्हता.

"शारदाबाई, पाप तुमच्या हातनं न्हाय झालं. आईपुढं माणूस उभं राहिलं की जे खरं असतं तेच तोंडात येतंय. माळाचा प्रश्न आमचा होता, तुमचा नव्हताच." त्यांनी पेन खाली ठेवलं. "शिवप्रसाद जाताना माझा हात धरून म्हणाला होता, हिला एकटी पडू देऊ नको, दादा. मी मंदिरात, लॉज मुकुलकडं, आणि तुम्ही इथं वरच्या लोकांचे पाट मांडत बसलाय. आठ वर्षं. मी कुठं बघितलं?"

"भावजी, असं काय बोलता."

"बोलू द्या. आईनं सांगितलं पोरगं येणार. मी माळ धरून बसलो, आणि त्यापायी ते आलं न्हाय, तर आईचा शब्द माझ्यामुळं खोटा ठरंल. इरम्माला मी दुसरीकडं उतरवीन. पाय धरून माफी मागीन तिची." त्यांनी पेन उचललं, आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आई, शारदेचा लेक घरी येईल का?"

पेनाचं टोक कागदाला लागलं. 'व' निम्मा झाला होता.

"आण्णा, थांबा."

उत्कर्षचा हात कागदावर पडला होता. निम्म्या अक्षराची शाई त्याच्या बोटाला लागली.

"का रे?"

"नका करू." त्यानं कागद ओढून घेतला आणि काय करावं न सुचून मांडीखाली घातला, लहान पोरानं फुटलेली पाटी लपवावी तसा. "मी येणार नाहीये."

मग तो आईकडं वळला.

"मी खोटं नव्हतो बोलत, आई. म्हणजे, तुला सांगताना मला खरंच वाटायचं. पण बघ ना. अक्षराची नोकरी तिकडं. शिवांजलीला सगळं तिकडचं. आम्ही तिथंच घर बघितलंय. हे उभं राहायला दहा वर्षं लागतील, आणि उभं राहिलं तरी..." तो अडखळला. "इथं सगळं तिकडच्यासारखंच झालं, तर तिकडनं उठून यायचं कशाला? मला यावंसं वाटतं ते या गावात. पण या गावात मला काम नाही. आणि काम आणायचं म्हटलं तर गाव राहत नाही. मी चार दिवस नकाशा लावून बसलो आणि हेच स्वतःला सांगायचं टाळत होतो. आण्णांनी तुझा प्रश्न म्हटला तेव्हा... मला नाही बघवलं."

शारदाबाई ऐकत होत्या. त्यांचा चेहरा अजिबात हलला नाही, म्हणून नीरजानं त्यांचा हात जास्तच घट्ट धरला.

"वा!" मुकुल म्हणाला. आवाज विचित्र झाला होता. "छान झालं. तुझं मन मोकळं झालं, आण्णांचा माळ राहिला. आणि मी?"

"मुकुल..."

"न्हाय, मला सांगा. मी तर इथंच आहे ना? एकदा तरी गेलो का कुठं? तुझ्या बंगळूरच्या कंपनीत मला कुणी उभं करणार नाही, मला माहीत आहे. मला वाटलं इथं झालं तर माझ्या पोरांना तरी जावं लागणार नाही. जो येणार नाही त्याच्यासाठी काकू कौल लावतात, आण्णा माळावर पाणी सोडायला निघतात. जो घरात आहे त्याच्यासाठी कुणी लावला का कधी कौल?"

तो बाहेर पडला. फटफटी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो गल्लीच्या टोकाला विरला. वसंतराव दाराकडं पाहत राहिले. त्यांनी पेनाचं टोपण शोधलं, ते हाताशीच होतं, तरी दोनदा चाचपावं लागलं.

"खरं बोलला," ते म्हणाले. "माळ राहिला म्हणून मला आनंद व्हायला पाहिजे, न्हाय का गं नीरजा?" आणि उत्तराची वाट न बघता ते उठून मुकुलच्या मागं चालू लागले, चपला न घालताच. नीरजा त्यांच्या चपला हातात घेऊन धावली.

सोप्यात मायलेक उरले. उत्कर्ष पेले एकेक करून उचलत होता. कोपरे सुटतील तसा नकाशा आपसूक गुंडाळत गेला.

"आई, काहीतरी बोल ना."

"काय बोलू?"

"रागाव तरी."

"तू खरं बोललास. खरं बोलल्यावर रागवायची रीत नाही आपल्यात."

"पण कौल उजवा आला होता ना? मग कदाचित पुढं कधीतरी, निवृत्त झाल्यावर वगैरे..."

"नको, बाळा." त्यांनी त्याच्या तोंडापुढं हात धरला, हळूच, माशी वारावी तसा. "आईच्या नावानं तू मला आशा लावू नको. आईचं आणि माझं काय ते आम्ही बघू. तिनं उजवा का दिला, ते तिला विचारायला मला पुढचे मंगळवार आहेत."

त्याचे डोळे भरून आले. तो त्यांच्या मांडीवर डोकं ठेवायला वाकला, आणि त्यांनी ठेवू दिलं. त्याच्या केसांत आता पांढरे होते, कानाच्या मागं. शिवप्रसादांचेही तिथूनच पिकायला लागले होते. बोटाची शाई त्यांच्या पातळाला लागली. त्यांनी पाय हलवला नाही. बाहेर हार विकणारी कुणी पोर गिऱ्हाइकाशी हुज्जत घालत होती, वरच्या खोल्यांतलं कुटुंब अभिषेकाला निघालं होतं, आणि कुणीतरी जिन्यातून विचारलं, "बाई, आमच्या नैवेद्याला पुरण किती वाजेपर्यंत व्हईल?"

"अकरापर्यंत देते," शारदाबाई तिथूनच म्हणाल्या. मग लेकाच्या डोक्यावरचा हात तसाच ठेवून त्यांनी विचारलं, "सोलापूरहून गाडी किती वाजताची आहे तुझी?"

"उद्याची आहे, आई. अजून पूर्ण दिवस आहे."

"आजची मिळती का बघ," त्या म्हणाल्या. "शिवांजली वाट बघत असेल घरी."